शाश्वत शहर व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण : मुंबईत राहून तयारी कशी करावी

पदवी झाली, आता शहरांविषयी शिकायचंय, असं म्हणणारी मुलं-मुली भेटली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : प्रवेश कुठे घेऊ? माझं उत्तर असं, की आधी शहराचा एक प्रश्न निवडा. पाणी, कचरा, घरं, बस, पूर, काहीही. प्रश्न पक्का नसेल तर पहिलं वर्ष सगळ्या विषयांना हात लावण्यात जातं आणि प्रबंधाच्या वेळी धांदल उडते.

निवडलेला प्रश्न एका जागी जाऊन बघा. पाणी तुंबणं हा विषय असेल तर दादर-परळजवळचा हिंदमाता चौक गाठा. चौक बशीसारखा खोलगट. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिमी पावसासाठी, तेही ओहोटी धरून आखलेल्या. भर भरतीत जोराचा पाऊस आला की पाणी समुद्रात जायला वाटच उरत नाही. ही क्षमता ताशी ५० मिमी करा, असं मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्येच सांगितलं होतं. पण कामांना वेग आला तो २६ जुलै २००५ नंतर, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस कोसळल्यावर. पुढे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी पम्पिंग स्टेशनं उभी राहिली. हिंदमाताचं पाणी साठवायला प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. या एका चौकात अभियांत्रिकी आहे, पालिकेचा अर्थसंकल्प आहे, हवामानबदल आहे. आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराचं, भाडेकरूचं नुकसान कोण मोजतं, हाही प्रश्न आहे. या विषयात हे सगळं एकत्रच अभ्यासावं लागतं, म्हणून तर तो मला इतका मोलाचा वाटतो.

मग वाचनाला बसा. शहरांच्या स्थानिक संस्थांना घटनेत स्थान देणारी ७४वी घटनादुरुस्ती आणि तिने आणलेली बाराव्या अनुसूचीतली १८ कामांची यादी, मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, २०३४ पर्यंतचा विकास आराखडा. मार्च २०२२ चा मुंबई हवामान कृती आराखडा नीट वाचा. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे हवेत जितके हरितगृह वायू सोडले तितके काढून घ्यायचे, असं लक्ष्य त्यात आहे. पालिकेचा अर्थसंकल्प उघडून आपल्या विषयावर तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, हे शेजारी शेजारी मांडा. कंटाळवाणं काम आहे, पण शहर कुणाला प्राधान्य देतं ते तिथेच कळतं. सोबत क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिका. ते फुकट आहे आणि नकाशाशिवाय या क्षेत्रात पान हलत नाही.

आता संस्था. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शहरी धोरण व प्रशासन या विषयात एमए आहे. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो. कला-वाणिज्यवाल्यांनी इथे बिचकू नये. इंजिनीअरांनी गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा द्यावी आणि आयआयटी मुंबईच्या पर्यावरण विभागातलं एमटेक बघावं. पालिकेत नोकरी करतच शिकायचं असेल तर १९२६ पासून चालणाऱ्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचे अभ्यासक्रम बघा. परदेशात रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठाची आयएचएस ही संस्था नेमका शहर व्यवस्थापन व विकास हाच विषय शिकवते.

परदेशी जायचं तर पैशाची जुळवाजुळव वर्षभर आधी सुरू करा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. १८९२ पासूनची जे. एन. टाटा एन्डोमेंट कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. कागदपत्रांत उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला सर्वांत जास्त रखडतो. तहसील कार्यालयात तेवढा अर्ज आजच टाका.

प्रवेशाच्या अर्जासोबतच्या निवेदनात ‘लहानपणापासून शहरांची आवड’ लिहू नका. तुमचा चौक लिहा : काय पाहिलं, कुठला आकडा जुळला नाही, कुणाशी बोललात. नालेसफाईचा गाळ किती टन निघाला आणि गेला कुठे, यासारखी माहिती वेबसाइटवर सापडली नाही तर वॉर्ड ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आलेलं उत्तर जपून ठेवा, प्रबंधाची पहिली नोंद तीच होईल.