जुना कॉम्प्युटर सारखा बंद पडतो? या चुका टाळा

कुणी जुना कॉम्प्युटर घेऊन आलं की मी आधी विचारतो, "आतापर्यंत काय काय करून झालं?" उत्तर ठरलेलं असतं. व्हायरस स्कॅन झाला, क्लीनर चालवला, डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) केलं, चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधणारी विंडोजची आज्ञा) मारली, शेवटी फॉरमॅटही मारला, तरी बंद पडतोच. "आणि बंद पडताना आलेल्या निळ्या स्क्रीनवर काय लिहिलं होतं?" ते मात्र कुणीच वाचलेलं नसतं.

वाचायला वेळच मिळत नाही, हे कारण खरं आहे. विंडोज स्वतःच रीस्टार्ट होते. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडा आणि आपोआप रीस्टार्ट होण्यापुढची खूण काढा. मग स्क्रीन थांबते आणि मोबाइलवर फोटो काढता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न करता लोक दोन दिवस फॉरमॅट मारण्यात घालवतात.

मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ती मी स्वतः केली आहे.

लक्षणं ओळखीची असतात. फोल्डर उघडायला अर्धा मिनिट लागतो, डिस्कचा दिवा विझत नाही, माउस फिरतो पण बाकी सगळं गोठलेलं. कधी आतून 'कट्… कट्' आवाज येतो. अशा वेळी कुणीतरी सांगतं, चेकडिस्कच्या आज्ञेपुढे 'आर' लावून चालव. हा 'आर' डिस्कवरचा एकूण एक सेक्टर वाचून बघतो. डिस्क धडधाकट असेल तर हरकत नाही. आजारी असेल, तर जो भाग तिला वाचता येत नाही त्यावर ती पुन्हा पुन्हा डोकं आपटत बसते आणि उरलीसुरली ताकद तिथेच संपते. शिवाय चेकडिस्क म्हणजे वही जुळवणारा कारकून. त्याला फाइल सिस्टिमचा हिशेब बरोबर यायला हवा असतो, तुमच्या फोटोंशी त्याला देणंघेणं नाही. नोंद जुळली नाही की तो ती खोडतो.

ताईच्या जुन्या डेस्कटॉपवर भाच्याच्या लहानपणाचे फोटो होते, दुसरी प्रत कुठेच नाही. मी मोठ्या ऐटीत रात्री 'आर' लावला आणि झोपलो. सकाळी आकडा २७ टक्क्यांवर, दुपारी जेवून आलो तरी २७ टक्केच. कंटाळून पॉवरचं बटण दाबून धरलं. त्यानंतर विंडोज सुरूच होईना. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर फोटोंचं फोल्डर रिकामं, आणि 'फाउंड डॉट शून्य शून्य शून्य' नावाच्या लपलेल्या फोल्डरात शेकडो फाइली. नावं गेलेली, तारखा गेलेल्या, सगळ्यांच्या शेपटाला 'सीएचके'. एकेक फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून बघत होतो. सुरुवातीला 'एफएफ डी८' दिसलं की ती जेपीईजी, मग तिला योग्य शेपूट लावायचं. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. निम्मे फोटो वर चेहरा आणि खाली करडा पट्टा असे निघाले. ताई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "पहिल्या वाढदिवसाचे मिळाले का रे?" ते मिळाले नव्हते.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडायचं आणि तीन ओळी बघायच्या: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले, सी६ म्हणजे हाताबाहेर गेलेले. वर 'गुड' लिहिलंय की 'कॉशन', यावर मी विसंबत नाही, कच्चे आकडे बघतो. हे आकडे बऱ्याचदा सोळाच्या पद्धतीत दाखवलेले असतात. तिथे १०० दिसलं तर ते खरं २५६ असतं. सी५ शून्य नसेल तर दुरुस्तीचा विचार बाजूला ठेवायचा आणि आधी प्रत काढायची. त्यातही कागदपत्रं आणि फोटो पहिले, सिनेमे नंतर. अख्खी डिस्क एका झटक्यात ओढून टाकू नका. एका खराब फाइलीवर सगळी कॉपी अडकते.

साधी कॉपी होतच नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम) वापरतो. ते सोपा भाग आधी उचलतं, अवघड जागांकडे शेवटी वळतं आणि कुठपर्यंत झालं ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं. मध्येच बंद पडलं तरी तिथून पुढे चालू होतं. फक्त कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी, हे तीनदा तपासा. उलटं केलंत तर रिकाम्या डिस्कची प्रत तुमच्या डेटावर चढते.

प्रत हातात आली की मग चेकडिस्क खुशाल चालवा. तीसुद्धा आधी आज्ञेपुढे 'आर' वगैरे काहीही न लावता, कारण तेव्हा ती फक्त बघते, बदल करत नाही.

क्रॅश झाला की फॉरमॅट

माझ्याच मशीनवर मी तीनदा विंडोज नव्याने टाकली. दर वेळी दोन दिवस छान चालायचं आणि मग गोठायचं. चौथ्या वेळी क्रिस्टलडिस्कइन्फोच्या यादीत सी७ वर नजर गेली. हा आकडा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या बोलण्यात झालेल्या चुका मोजतो, आणि तो रोज वाढत होता. कॅबिनेटची बाजूची पट्टी लावताना डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल दाबली जाऊन पार दुमडली होती. केबल बदलली, आकडा जिथल्या तिथे थांबला. तो पुन्हा शून्य होत नाही, त्यामुळे नवी केबल लावल्यावरही जुना आकडा बघून घाबरू नका. वाढतोय का, एवढंच बघा.

रॅमचंही तेच. खराब रॅमवर टाकलेली नवी विंडोज टाकतानाच बिघडलेली असू शकते. मी मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर लावतो. एक जरी चूक निघाली तरी पट्टी नापास, 'फक्त एकच आहे' ही वकिली चालत नाही. मग मशीन बंद करून, वायर काढून, पट्ट्या एकेक करून तपासायच्या. पुष्कळदा काढून नीट बसवण्यानेच काम होतं. पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. रॅम, केबल आणि ड्रायव्हर एकाच दुपारी बदलले की दोष कशात होता ते कळत नाही. नवशिक्यांना नेमकी हीच घाई असते.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसला म्हणून लगेच एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बदलणारेही भेटतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. का, ते सांगत नाही. त्याच वेळेच्या आसपास 'डिस्क ७' ही नोंद असेल तर खराब सेक्टरचा संशय घ्या.

बाकीच्या, भराभर

रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची साठवण) साफ करणारे क्लीनर: काढून टाका. त्याने क्रॅश थांबलेला मी अजून पाहिलेला नाही.

एसएसडीवर जुन्या पद्धतीचं डीफ्रॅग: गरज नाही, नुसती झीज होते. विंडोज तिच्यासाठी ट्रिम (रिकाम्या झालेल्या जागा एसएसडीला कळवणं) स्वतः चालवते.

धूळ काढताना पंखा मोकळा सोडणं: बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने गरगर फिरू देऊ नका.

एसएमपीएस उघडून साफ करणं: अजिबात नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धक्का बसण्याइतका विद्युतभार राहू शकतो.

सी ड्राइव्ह काठोकाठ भरणं: मी पाचवा हिस्सा रिकामा ठेवतो. नियम नाही, सवय आहे.

विंडोज १० चा सपोर्ट (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून क्रॅश होतोय, असं समजणं: सुरक्षेचा प्रश्न खरा आहे, पण सपोर्ट संपल्याने डिस्क टकटक करत नाही.

आणि मदरबोर्डवरची ती नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२. ती संपली की घड्याळ मागे जातं, सुरक्षित वेबसाइट उघडेनाशा होतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण बायोसच्या (मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंगही मूळपदावर जातात. काही जुन्या मदरबोर्डवर साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून आयडीईवर उडी मारतो आणि विंडोज सुरू होताना शेवटी ७बी असलेला कोड दाखवून कोसळते. डिस्क गेली असं समजून लोक इथेही फॉरमॅट मारतात. बॅटरी बदला, मोड पुन्हा एएचसीआयवर आणा, तीच विंडोज उठून बसते. आणि मशीन ठणठणीत असतानाच बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. कॉम्प्युटरवर नाही, मोबाइलमध्ये.