स्टॅबिलायझर जॅक हलेना, आणि मी उगाच मोटर बदलली

मागच्या वर्षी आम्ही एक वापरलेला 24 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर. पहिलीच ट्रिप टेक्सासमधल्या गार्नर स्टेट पार्कची, पोचेपर्यंत अंधार पडला, स्टॅबिलायझर जॅकचं (ट्रेलरखालचे, मोटरने जमिनीवर टेकणारे पाय) बटण दाबलं तर पुढचे जॅक सुरळीत खाली गेले आणि मागचे ढिम्म. नुसतं 'घुर्र' करायचे आणि गप्प. रात्रभर कोणी कूस बदलली की अख्खा ट्रेलर झुलायचा, पहाटे पोरगी बाथरूमला उठली तर बायको दचकून म्हणाली भूकंप होतोय का रे.

नवीन लोकांनी एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. हे जॅक ट्रेलर उचलायला नसतात, डुलणं थांबवायला असतात. डावी-उजवी लेव्हल चाकाखाली ब्लॉक घालून करायची, मग चॉक लावायचे (आपल्याकडे घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाखाली दगड लावतात तसे), मग गाडीपासून सोडवून टंग जॅकने (ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरचा जॅक) पुढची-मागची लेव्हल, आणि स्टॅबिलायझर सगळ्यात शेवटी, जमिनीला घट्ट टेकले की बास. त्यांच्यावरच ट्रेलर उचलायला गेलात की मोटर तापून बंद पडते नाहीतर पाय वाकतात. आणि नुसत्या स्टॅबिलायझरच्या भरवशावर ट्रेलरखाली घुसायचं नाही, कधीच नाही.

आता बिघाड. काहीच हलत नसेल तर आधी बॅटरी, बॅटरीचा कटऑफ स्विच आणि फ्यूज बघा, अर्ध्या लोकांचं काम तिथेच होतं. फुल चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. माझे पुढचे जॅक चालत होते म्हणजे बॅटरी ठीक. मग मी मागच्या मोटरची वायर काढून तिथे मल्टीमीटर लावला, बायकोला बटण दाबायला सांगितलं, तर 12.5 व्होल्ट! म्हटलं करंट येतोय म्हणजे मोटरच गेली, आणि ऑनलाइन नवी मागवली. ती आली, लावली, आणि तीसुद्धा 'घुर्र'.

चूक काय झाली तर मी लोड नसताना मोजलं. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये पाइप क्षाराने चोंदला होता, नळ बंद असेपर्यंत प्रेशर फुल, सोडला की करंगळीएवढी धार, अगदी तोच प्रकार. मीटर नावापुरता करंट खेचतो, मोटरला कितीतरी जास्त लागतो. मोटर जोडलेली ठेवून, बटण दाबून मोजलं तर जेमतेम 6 व्होल्ट. मग एक प्रोब स्विचच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरा ट्रेलरच्या फ्रेमवर स्वच्छ धातू दिसेल तिथे, आणि परत बटण. तिथे जवळपास शून्य यायला हवं, माझ्याकडे 5 च्या वर आलं. म्हणजे सगळा घोळ अर्थिंगमध्ये. वायरचा माग काढत खाली गेलो तर मागच्या बंपरजवळ फ्रेमला एक बोल्ट, त्याखालचं रिंग टर्मिनल हिरवं पडलेलं आणि फ्रेमवर गंजाची पापडी, नखाने सुटत होती.

बॅटरीचं कनेक्शन काढलं, बोल्ट खोलला, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासलं, नवीन टर्मिनल, दातेरी वॉशर, घट्ट आवळलं आणि वरून ग्रीस फासलं. बटण दाबलं आणि दोन्ही पाय सरसर खाली. खर्च म्हणाल तर चहाच्या पैशात.

बाकी दोन-तीन गोष्टी. खाली जातो पण वर येत नाही असं झालं तर स्विचवर संशय घ्या, कारण मोटरला दोनच वायरी असतात आणि स्विच त्यांचं प्लस-मायनस उलटं करतो, पुढचा-मागचा स्विच अदलाबदल करून लगेच कळतं. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण पाय हलत नाही, तर मोटर आणि जॅकचा स्क्रू यांना जोडणारी पिन तुटलेली असू शकते. स्क्रूला ग्रीस लावू नका, धूळ-वाळू चिकटते, ड्राय ल्यूब (कोरडं वंगण) मारा. आणि बहुतेक जॅकला हाताने फिरवायची सोय असते, माझ्याला पाऊण इंची सॉकेट बसतो, ड्रिलला लावला की झालं. हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, मी ते गार्नरहून परत आल्यावर वाचलं.

नवी मोटर एकदा बसवली म्हणून परत घेतली नाही. गॅरेजमध्ये खोक्यात पडून आहे, बायको येता-जाता तिच्याकडे बघते.