निवडणुकीच्या दिवसांत पेपर वाचावा तो फूटपट्टी घेऊन

बावीस वर्षं मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत पानं लावली. निवडणूक आली की गल्लीतले विचारायचे, "ताई, हवा कुणाची?" हवा कुणाची ते मला कधीच कळलं नाही. पानावर ती कशी भरतात, तेवढं कळलं. तेच सांगते.

अर्ज माघारीची मुदत संपली की आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारांची अंतिम यादी मिळवा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात ती लावलेली असते. अपक्षांसकट सगळी नावं वहीच्या कागदावर उतरवून फ्रिजवर चिकटवा. बरेच जण ही पूर्ण यादी पहिल्यांदा बघतात ती मतदान यंत्रावरच, बोट बटणाजवळ नेल्यावर.

मग पंधरा दिवस दोन पेपर आणि एक फूटपट्टी. बातमीची उंची मोजायची, जितके कॉलम असतील त्याने गुणायची आणि आकडा नावापुढे मांडायचा. फोटो वेगळा मोजा. मजकूर काय आहे याकडे सुरुवातीला बघूच नका. चार-पाच दिवसांत काही नावांपुढे शून्याला शून्य लागलेलं दिसेल. बघायचं ते हेच. पेपर 'अमक्याला मत द्या' म्हणाला तर लोक ऐकत नाहीत, उलट शिव्या घालतात. पण रिंगणात कोण आहे आणि कोण नाही, हे पेपर गुपचूप ठरवून टाकतो. पुढचं 'मत वाया नको जायला' आपलं आपणच म्हणतो.

एका निवडणुकीत आमच्याकडे एक निवृत्त मास्तर अपक्ष उभे होते. बाजारतळावर त्यांची सभा झाली, गर्दी बरी होती, मी तीन कॉलम बातमी लावली. रात्री नऊला जाहिरात विभागाचा निरोप आला: यांचं पॅकेज नाही, म्हणजे बातम्यांसाठी यांनी पैसे भरलेले नाहीत. बातमी उतरली, त्या जागी दुसऱ्याची पदयात्रा चढली. पुढे मास्तर आमच्या अंकात दिसले ते 'इतर उमेदवार' एवढ्यापुरते. मतदानाच्या आदल्या दिवशी माझी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मास्तरांनी अर्ज मागं घेतला ना गं?" रोजचा आमचाच पेपर वाचणारी बाई ती. मी नाही म्हणाले, पण का ते सांगितलं नाही.

विकत घेतलेली बातमी ओळखायला भाषा पुरते. 'माता-भगिनींनी औक्षण केले', 'उत्स्फूर्त प्रतिसाद', 'झंझावाती दौरा'. खरा बातमीदार औक्षणाच्या ताटापाशी थांबत नाही. पाण्याच्या टाकीचं काय झालं असं कुणी विचारलं का, मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या का, ते लिहितो. एकाच पानावर दोन प्रतिस्पर्ध्यांचा 'विजय निश्चित' असेल तर दोघांनीही पैसे मोजलेत असं खुशाल समजा. आणि दोन पेपरांत मजकूर शब्दशः एकच आला, तर मग बोलायलाच नको. २००९च्या विधानसभेला महाराष्ट्रात नेमकं हेच झालं. मुख्यमंत्र्यांचं कौतुक करणारा तोच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत छापून आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१०मध्ये या धंद्यावर सविस्तर अहवालही लिहिला. आमच्या डेस्कवर त्यात नवं कुणालाच काही वाटलं नाही.

मतदानोत्तर चाचण्यांवर फार वेळ घालवू नका. मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्यानंतर अर्ध्या तासापर्यंत त्या दाखवायला बंदीच आहे, म्हणजे तुमच्या मतावर त्यांचा परिणाम व्हायचा प्रश्न नाही. २०२४च्या १ जूनला बहुतेक वाहिन्या एनडीएला साडेतीनशेच्या वर नेत होत्या. ४ तारखेला निघाले २९३. मतदानाआधीचे जनमत कौल मात्र जपून वाचा. किती लोकांना विचारलं, कुठे आणि कोणत्या तारखांना, हे छापलेलं नसेल तर तो कागद भजी बांधायला ठेवा.

बातमी पैशाची वाटली तर तारखेसह कात्रण काढा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्ह्याची माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते तिच्याकडे द्या. समितीला पटलं तर तो खर्च उमेदवाराच्या खात्यावर चढतो, आणि विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाखांची आहे. छापून आल्यापासून ९६ तासांत उमेदवाराला नोटीस जावी असा दंडक आहे, तेव्हा कात्रण घरात शिळं होऊ देऊ नका.

गेल्या वेळी शेजारचा मुलगा, पहिलंच मतदान त्याचं, माझ्याकडून फूटपट्टी घेऊन गेला. आठव्या दिवशी वही घेऊन आला. "काकू, नऊ नंबरचा उमेदवार कुठे गेला? एक सेंटिमीटरसुद्धा नाही."

म्हटलं, त्याचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर असेल, त्यात फोन नंबर असतो. लाव फोन.