पिकअपच्या केबिनमध्ये बरोबर बसणारी मॅट कशी निवडावी

नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो उतरवून, रिकामे क्रेट घेऊन संगमनेरकडे परतत होतो. चंदनापुरी घाटाचा उतार लागला म्हणून रेसवरून पाय उचलला, तरी गाडी ओढतच राहिली. क्लच दाबून न्यूट्रल केलं, ब्रेकवर जोर देत गाडी कडेला घेतली आणि पूर्ण थांबल्यावरच चावी फिरवली. खाली वाकून पाहिलं तर मॅटचा पुढचा कोपरा वर वळून रेसच्या पेडलवर चढला होता. मॅट नवीकोरी, आठच दिवसांची. दुकानदार म्हणाला होता, ‘सगळ्या पिकअपला बसते.’

तेव्हापासून मी मॅट ब्रेकच्या कामाइतक्याच गांभीर्याने घेतो. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ लेक्सस गाडीच्या अपघातात चार जण गेले. त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती, हुकाला अडकवलेली नव्हती, आणि रेसचं पेडल तिच्यात अडकलं. त्यानंतर टोयोटाने जवळपास ३८ लाख गाड्यांच्या मालकांना मॅटबाबत सावध केलं. त्यामुळे ड्रायव्हरच्या बाजूची मॅट निवडताना आधी पेडल बघा. चिखल आणि धूळ नंतर.

आधी स्वतःच्या गाडीची फरशी बघा

जुनी मॅट, गोणपाट, पुठ्ठे, जे काही टाकलं असेल ते सगळं बाहेर काढा. पावसाळ्यात आपण पायाखाली पुठ्ठा टाकतो, तो भिजतो, त्यावर दुसरा टाकतो. हा थर उचलला की खालचा पत्रा कसा आहे ते कळतं. खाली नमदा (पत्र्यावर अंथरलेला जाड फेल्टचा थर) असेल तर तो दाबून बघा. पाणी निघालं तर नवी मॅट आज घेऊ नका. दारं उघडी ठेवून दोन दिवस उन्हात वाळवा, गंज दिसला तर घासून रंग लावा. ओल्या नमद्यावर चांगली मॅट टाकली की पत्रा आतून सडत राहतो आणि वरून काही दिसत नाही. गाडीतून खत नेत असाल तर जास्तच जपा. युरियाची भुकटी आणि ओल एकत्र आली की पत्र्याला फार वेळ लागत नाही.

मग कागदाचा साचा काढा. दोन-तीन वर्तमानपत्रं चिकटवून मोठा कागद करा, ड्रायव्हरच्या बाजूला पसरा आणि कडा बोटाने दाबत खडूने रेघ ओढा. मधल्या गिअरच्या उंचवट्याची वळणं, सीटचे रूळ, दाराची पट्टी आणि पेडलांची जागा, एवढ्या खुणा त्यावर हव्यातच. फरशीला हूक किंवा क्लिप असेल तर तिथे कागदाला भोक पाडा. क्लीनरच्या बाजूचा साचा वेगळा काढा, कारण दोन्ही बाजू सारख्या नसतात. याला पंधरा मिनिटं लागतात आणि दुकानात हाच कागद सर्वांत उपयोगी पडतो.

नावावर जाऊ नका

‘बोलेरोची मॅट द्या’ म्हणून चालत नाही. महिंद्राची जुनी बोलेरो पिकअप वेगळी आणि २०२२ मध्ये आलेली मॅक्स पिकअप वेगळी. कॅम्पर डबल केबिनची, तिला मागे बसणाऱ्यांच्या पायाखालची मॅटही लागते. छोटा हत्तीचं इंजिन सीटखाली असतं, त्यामुळे सीट उचलताना आड येईल किंवा सीटखाली सरकेल अशी मॅट तिथे नकोच. दुकानात मॉडेल, वर्ष, केबिन सिंगल की डबल, आणि पुढे किती जण बसतात, हे चारही सांगा.

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस पिकअपसाठी ऑनलाइन मॅट मागवत असाल तर स्टिअरिंग उजवीकडचं आहे का हे आधी वाचा. डाव्या स्टिअरिंगच्या मॅटमध्ये पेडलांची जागा उलट बाजूला असते, ती कापूनही बसत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना फोर्डच्या एफ-१५० पिकअपसाठी हीच काळजी केबिनबाबत घ्यावी लागते. तिथे रेग्युलर, सुपरकॅब आणि सुपरक्रू अशा तीन केबिन आहेत आणि मागची फरशी प्रत्येकीची निराळी.

कोणता माल घ्यावा

रोज माल वाहणाऱ्या गाडीला माझ्या मते जाड रबराची किंवा टीपीईची (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची), कडा उचललेली ट्रे मॅट उत्तम. काळी माती चिकटली तरी पाण्याचा पाइप मारला की निघते आणि पाणी कडेच्या आत राहतं. उसाच्या किंवा द्राक्षाच्या बागेतून थेट गाडीत चढणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही.

नूडल मॅट, म्हणजे प्लास्टिकच्या शेवयांसारख्या गुंत्याची, दिसायला छान, पण ओली चिकणमाती तिच्या गुंत्यात अडकते आणि झटकून जात नाही. कोरड्या धुळीच्या कामाला ती ठीक. सेव्हन-डी मॅट फोमवर रेक्झिन शिवलेली असते. घरच्या कारला चालेल, पण चिखलाचे बूट आणि टाचेचा घासा यांनी शिवण उसवते आणि फोम पाणी पितो. थ्री-डी, फाइव्ह-डी ही दुकानांनी दिलेली नावं आहेत, त्यामागे कुठलंही ठरलेलं मोजमाप नाही, म्हणून आकडा मोठा म्हणजे माल भारी असं समजू नका. स्वस्त पीव्हीसी उन्हात तापली की केबिनभर वास सुटतो. घेण्याआधी मॅट नाकाजवळ धरा, थोडी वाकवून सोडा. घडीची रेघ तशीच राहिली तर तिचा कोपरा पुढे वर वळणारच.

मॅट उलटी करूनही बघा. खालून दाणे किंवा खवले असतील तर ती पकडून राहते, गुळगुळीत असेल तर दर ब्रेकला टाचेबरोबर पुढे सरकते. टाच टेकते तिथे जाड पट्टी असावी, पहिलं भोक तिथेच पडतं.

बसवणं आणि तपासणं

एका जागी एकच मॅट. कंपनीच्या मॅटवर रबरी मॅट टाकण्याची सवय मोडाच, वरची मॅट हुकापर्यंत पोचत नाही आणि सरकते. हूक असतील तर दोन्ही अडकवा. नसतील तर जाड वेल्क्रो लावा किंवा सीटच्या रुळाला धरणारी क्लिप घ्या. फरशीला स्क्रू मारू नका. खालून वायरिंग आणि पाइप जातात, शिवाय त्या भोकातून गंज सुरू होतो.

इंजिन बंद ठेवून सीट मागे घ्या आणि हाताने तिन्ही पेडलं तळापर्यंत दाबा. रेसचं पेडल पूर्ण दाबल्यावरही त्याच्या आणि मॅटच्या मध्ये दोन बोटं जागा हवी. सोडल्यावर ते झटकन वर यायला हवं. क्लच तर खूप खाली जातो. तो मॅटवर टेकला तर पूर्ण सुटत नाही, गिअर अडखळतो आणि आपण गिअरबॉक्सला दोष देतो. मग सीटवर बसून, कामाचेच बूट घालून, पायाने तेच करा. शेवटी टाच रोवून मॅट जोरात पुढे ढकला. बोटभर सरकली तरी ती परत करा. परत घेत नसतील तर पेडलाखालचा भाग साचा ठेवून कटरने कापा, कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपरा लवकर वळतो.

धुतल्यावर मॅटला डॅशबोर्डचं पॉलिश लावू नका. चमक येते, पण टाच घसरते. मॅट उन्हात वाळवून परत टाकताना हूक अडकवायला विसरतो, धुलाईवाला पोरगाही विसरतो, म्हणून गाडी धुऊन आली की पहिल्यांदा पेडलाखाली हात घाला. सर्व्हिसिंगहून आल्यावर पायाखाली ठेवलेला कागदही तिथेच काढून टाका, तो घेऊन घाटाला लागू नका.