पंधराव्या दिवसाची कोळपणी चुकवू नका

सोयाबीन-तूर असो की बाजरी-तूर, आंतरपीक बुडतं ते बहुतेक वेळा पहिली कोळपणी (ओळींमधलं तण कोळप्यानं काढणं) लांबल्यामुळे. पेरणीनंतर १५ ते १८ दिवसांत, वाफसा (ना चिखल, ना कोरडं अशी ओल) आला की कोळपं चालायलाच हवं. तूर पहिले दीड-दोन महिने मुंगीच्या पावलानं वाढते. तेवढ्यात केना, शिप्पी, दुधाणी ही तणं तिच्या डोक्यावर जातात आणि मागून कितीही भांगललं (खुरप्यानं तण काढलं) तरी ती फुटव्याला येत नाही.

कराड, पाटण, शिराळ्याकडे जुलैत झड लागली की आठ-आठ दिवस रानात पाय ठेवता येत नाही. म्हणून तारखेला अडून बसू नका. १२व्या दिवशी उघडीप मिळाली आणि माती पायाला चिकटत नसेल, तर त्याच दिवशी कोळपा. ‘तण अजून दिसत नाही’ म्हणून थांबणं हीच खरी चूक. दोऱ्याएवढं तण कोळप्याच्या फासेनं (लोखंडी पात्यानं) उलटलं की उन्हात दुपारपर्यंत सुकतं. चार पानांवर गेलेलं ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतं. केन्याचा तर तुकडा पडला तरी फुटतो, तो वेचून बांधाबाहेर टाका.

पेरणीआधी नि पेरताना:
– वळवाच्या पावसावर उगवलेलं तण कुळवाच्या पाळीनं मारा, मग पेरा.
– शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला.
– १८ इंची तासाला (दोन ओळींतल्या अंतराला) १० ते १२ इंची फास. पेरायची कुरी आणि कोळपं जुळत नसेल तर कोळपणी होणारच नाही.
– जत, आटपाडीकडे बाजरीत मटकी फेकून पेरू नका, तासात पेरा.

तणनाशक मारायचंच असेल, तर सोयाबीन-तूर किंवा भुईमूग-तुरीत पेंडिमेथॅलीन ३० ईसी एकरी १ ते १.३ लिटर, २०० लिटर पाण्यातून, पेरणीनंतर ४८ तासांच्या आत. जमीन ओली हवी, नोझल फ्लॅट फॅन, आणि फवारलेल्या जागेवर पाय पडू नये म्हणून मागं सरकत चला. उगवून आलेल्या तणावर याचा उपयोग नाही. लव्हाळा, हराळीवर तर मुळीच नाही. आणि हे मारलं म्हणून कोळपणी सुटत नाही, फार तर आठवडाभर पुढे जाते.

कोळपणी चुकली की माणूस दुकानात जातो, आणि तिथून पुढचं नुकसान सुरू होतं. ॲट्राझीन बाजरी, मक्याला चालतं, पण शेजारच्या तासातली तूर नि मटकी जाळतं. इमाझेथापायर १० एसएल (एकरी ४०० मिली, तण २-३ पानांवर असताना) सोयाबीन-भुईमुगाचं आहे, बाजरी-जोंधळा त्यानं मरतो. ‘दोन्ही पिकांना चालतं’ असं कुणी सांगितलं तर डब्यावर दोन्ही पिकांची नावं दाखवायला सांगा, आणि पक्कं बिल घ्या. फवारणीनंतर सोयाबीन पिवळं पडलं म्हणून महागडं टॉनिक गळ्यात मारतात. ते घेऊ नका. वाफशावर एक कोळपणी द्या, आठ-दहा दिवसांत नवा पाला हिरवा येतो.

वाळवा, मिरज, कराडकडे आणखी एक घात होतो. उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून सोयाबीन-तुरीत नेतात. शेंडे वेडेवाकडे होतात आणि लोक त्याला रोग समजून बुरशीनाशक मारतात. त्या औषधाला पंप वेगळाच ठेवा. नाहीच जमलं तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं टाकी, नळी, नोझल तीनदा धुवा. तासगावकडे वारा द्राक्षबागेकडे वाहत असेल तर टू-फोर-डी मारूच नका.

दुसरी कोळपणी ३० ते ३५ दिवसांत, तासातली भांगलण त्याच्या मागोमाग. सोयाबीन फुलावर आलं किंवा भुईमुगाला आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे दांडे) सुटल्या की कोळपं बंद, त्यानंतर उरलेलं तण हातानंच उपटा. बांधावरचं गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट.