ड्रोनचे नाक कोणत्या दिशेला आहे? नवशिक्यांनी दिशाभान कसे राखावे

नवा ड्रोन हाती आल्यावर पहिली काही उड्डाणे बहुधा विनासायास पार पडतात, कारण तोपर्यंत ड्रोनची पाठ आपल्याकडे असते आणि आपली उजवी बाजू तीच त्याचीही उजवी बाजू असते. खरी अडचण पहिल्या वळणानंतर सुरू होते. रिमोटच्या स्टिक उडवणाऱ्याचे नाही, ड्रोनचे उजवे-डावे ओळखतात. त्यामुळे ड्रोनचे नाक आपल्याकडे वळले की उजवीकडे सरकवण्यासाठी ढकललेली स्टिक त्याला आपल्या डावीकडे घेऊन जाते, गडबडून आपण ती आणखी जोरात ढकलतो आणि ड्रोन झाडात जाऊन बसतो. शिकाऊ उडवणाऱ्यांचे ड्रोन तुटण्यामागे यंत्रातील बिघाडापेक्षा हा गोंधळच अधिक वेळा असतो, असे माझे मत आहे.

हा गोंधळ नेमका किती आहे, हे आधी पाहावे. आपल्याकडे मिळणारे बहुतेक रिमोट ‘मोड २’ पद्धतीचे असतात. त्यांत डाव्या स्टिकने ड्रोन वर-खाली जातो आणि जागच्या जागी फिरतो, तर उजव्या स्टिकने तो पुढे-मागे आणि उजवीकडे-डावीकडे सरकतो. नाक कुठेही असले तरी वर म्हणजे वरच. फिरण्याचेही तसेच आहे: डावी स्टिक उजवीकडे नेली की ड्रोन वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरतो. म्हणजे घोटाळा होतो तो फक्त उजव्या स्टिकमध्ये. नाक आपल्या डावीकडे असताना ही स्टिक पुढे ढकलली, तर ड्रोन आपल्या डावीकडे जातो आणि उजवीकडे ढकलली, तर तो आपल्यापासून दूर जातो. नाक आपल्या उजवीकडे असताना हीच स्टिक उजवीकडे ढकलली, तर तो थेट आपल्या अंगावर येतो. नाक आपल्यापासून दूर, आपल्याकडे, डावीकडे आणि उजवीकडे या चारही स्थिती कागदावर चौकोन काढून, ड्रोन हातात धरून आणि तो प्रत्यक्ष फिरवून एकदा तपासून घ्याव्यात. वाचून त्या डोक्यात बसत नाहीत.

विमानाला पंख आणि शेपूट असल्याने त्याची दिशा लांबूनही कळते, मात्र चार हातांचा ड्रोन चहूबाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. त्यातच तो आकाराने लहान असतो. सुमारे 25 सेंटिमीटर रुंदीचा ड्रोन 100 मीटरवर गेला की हात लांब करून बोटांत धरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढाच दिसतो, आणि मोहरीला नाक-शेपूट नसते. भारतातील 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात, म्हणजे जिथे उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही तिथे, जमिनीपासून 400 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 120 मीटरपर्यंत उडवता येते. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट आहे. ही कायद्याची मर्यादा झाली. शिकणाऱ्याची मर्यादा त्याच्या डोळ्यांनी ठरवावी: ड्रोनचे पुढचे आणि मागचे हात वेगळे ओळखू येईनासे झाले की तिथून मागे फिरावे. लहान ड्रोनच्या बाबतीत ही हद्द 25-30 मीटरच्या आसपासच येते.

ही हद्द थोडी वाढवण्याचा सोपा उपाय म्हणजे ड्रोनवर रंगीत खूण करणे. गाड्यांच्या नंबरप्लेट आणि स्टिकर बनवणाऱ्या रेडियमच्या दुकानात भडक नारिंगी रंगाचे चिकटपट्टीचे तुकडे सहज मिळतात. मात्र तिथे चमकणारे रेडियम मागू नये, कारण त्याच्यावर प्रकाशझोत पडला तरच ते झोताच्या दिशेने चमकते. दिवसा त्याचा काहीच फायदा नाही. साधा फ्लुरोसंट नारिंगी विनाइल घ्यावा आणि तो केवळ मागच्या दोन हातांना लावावा. पुष्कळजण ही पट्टी हातांच्या वरच्या बाजूला लावतात आणि मग ती दिसत नाही म्हणून कुरकुरतात. उडताना ड्रोन आपल्या डोक्यापेक्षा उंच असतो आणि आपल्याला दिसते ती त्याची खालची बाजू, म्हणून पट्टी हातांना खालून आणि बाजूने गुंडाळावी. पोटाकडचे सेन्सर, हवेच्या फटी आणि बॅटरीचे झाकण मोकळे ठेवावे. पात्यांवर पट्टी लावू नये. वजनात किंचित फरक पडला तरी थरथर वाढते. ज्या ड्रोनसोबत दोन रंगांची पाती येतात, त्यांत एक रंग पुढे आणि दुसरा मागे बसवून दिशेची खूण करता येते, पण फिरती पाती लांबून धूसर दिसत असल्याने तिच्यावर फार विसंबू नये.

दिव्यांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. विमानांवर डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो, पण छोट्या ड्रोनचे उत्पादक हा संकेत पाळतातच असे नाही. कुठे पुढचे दिवे लाल, कुठे मागचे. आपल्या ड्रोनचा कोणता दिवा कुठे आहे, हे पहिल्या उड्डाणापूर्वी घरातच पाहून पाठ करून ठेवावे. ढगाळ पांढऱ्या आकाशासमोर सगळे रंग काळपट दिसतात आणि तेव्हा पट्टीपेक्षा दिवा कामाला येतो. उलट भर उन्हात दिवा फिका पडतो आणि पट्टी उपयोगी पडते.

सरावासाठी सकाळची वेळ आणि मोकळे मैदान निवडावे. वारा तेव्हा बहुधा मंद असतो आणि सूर्य पाठीशी ठेवून उभे राहता येते. ड्रोन सूर्यासमोरून एकदा जरी गेला, तरी डोळे दिपून त्याचे नाक हरवते. शहरांत गच्चीवरून उडवण्याचा मोह अनेकांना होतो, पण काँक्रीटच्या स्लॅबमधील लोखंडी सळयांमुळे जीपीएस असलेल्या ड्रोनचा होकायंत्र-सेन्सर चुकू शकतो आणि मग स्क्रीनवरचा दिशा दाखवणारा बाणही चुकीचा ठरतो. घारींच्या वस्तीपासून दूर राहावे, हे वेगळे सांगायला नको.

उड्डाण नेहमी ड्रोनची पाठ आपल्याकडे ठेवूनच सुरू करावे आणि पाच-सहा मीटर अंतरावर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडे वर त्याला स्थिर ठेवावे. पहिला टप्पा त्याला जागेवर 45 अंश फिरवण्याचा आणि परत आणण्याचा असावा. वळवताना नाक कुठे गेले ते मोठ्याने म्हणावे: ‘उजवीकडे’, ‘परत’, ‘डावीकडे’. आजूबाजूची मुले हसतील, हसू द्यावे. दिशा डोळ्यांनी शोधण्याऐवजी आपणच दिलेल्या आज्ञेवरून लक्षात ठेवण्याची सवय या बोलण्यातून लागते. अनुभवी उडवणारा लांबच्या ठिपक्याकडे पाहून नाक ओळखतो असे वाटते खरे, पण प्रत्यक्षात ते कुठे आहे हे त्याला आधीपासूनच माहीत असते.

यानंतर 90 अंश फिरवून ड्रोन आडवा धरावा आणि त्याच स्थितीत तो एका जागी टिकवावा, प्रथम एका बाजूने आणि मग दुसऱ्या. इथे अडखळणाऱ्याने स्वतःचे शरीर ड्रोनच्या नाकाच्या दिशेने वळवून खांद्यावरून त्याच्याकडे पाहावे. अशा उभे राहण्याने ड्रोनची आणि आपली उजवी बाजू पुन्हा एक होते. ही कुबडी थोडे दिवसच वापरावी, कारण ड्रोन फिरत असताना आपणही मैदानात गिरक्या घेऊ लागलो तर तोल आणि अंदाज दोन्ही जातात.

सगळ्यांत अवघड स्थिती म्हणजे नाक आपल्याकडे असणे. तिच्यासाठी विमानाची मॉडेल उडवणाऱ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक युक्ती आहे: जी बाजू खाली झुकते आहे, तिच्याखाली टेकू द्यावा तशी स्टिक त्याच बाजूला न्यावी. समोरचा ड्रोन आपल्या उजवीकडे झुकून तिकडे सरकू लागला, तर उजवी स्टिक उजवीकडेच न्यावी, तो सावरतो. यात उलटसुलट हिशेब करण्याची गरज पडत नाही आणि हात लवकर वळतो. ध्यानात ठेवायचे एवढेच की ही युक्ती फक्त नाक आपल्याकडे असतानाच लागू पडते. हे जमले की नाक सतत ड्रोनच्या जाण्याच्या दिशेला ठेवून चौकोन आणि त्यानंतर इंग्रजी आठचा आकडा काढावा. आठच्या आकड्यात चारही स्थिती एकामागून एक येतात, शिवाय डावी आणि उजवी अशी दोन्ही वळणे घ्यावी लागतात. रियलफ्लाइटसारख्या सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या आभासी उड्डाणात, हाच सराव मोडतोडीचा खर्च न करता होतो, मात्र त्यात जमिनीवरून पाहण्याचे दृश्य निवडावे. कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या दृश्यात हा प्रश्नच उद्भवत नाही.

खेळण्यातल्या ड्रोनवर ‘हेडलेस मोड’ नावाची सोय असते. उड्डाणाच्या वेळी जी दिशा पुढची होती तीच धरून ती स्टिकचा अर्थ लावते, त्यामुळे नाक कुठेही असो, उजवीकडे म्हणजे आपल्या उजवीकडेच. ऐकायला हे सोयीचे वाटते, परंतु स्वस्त ड्रोनमध्ये ही दिशा केवळ जायरोच्या, म्हणजे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरच्या, गणितावर टिकून असते आणि काही मिनिटांत किंवा एखाद्या धक्क्यानंतर ती सरकते. आपण जागा बदलली, तरी तिला ते कळत नाही. शिकताना ही सोय बंद ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे करूनही केव्हातरी दिशा हरवणारच. तेव्हा प्रथम उजवी स्टिक सोडावी आणि उंची कायम ठेवावी. मग उजवी स्टिक हलकेच पुढे ढकलून ड्रोन कुठे सरकतो ते पाहावे. तो आपल्या डावीकडे सरकला, तर नाक डावीकडे आहे. डाव्या स्टिकने त्याला उजवीकडे पाव फेरा फिरवावे म्हणजे पाठ आपल्याकडे येते. उजवीकडे सरकला, तर डावीकडे पाव फेरा. दोन्हीकडे न सरकता तो जागेवरच असल्यासारखा दिसला, तर तो आपल्या नजरेच्या रेषेत पुढे किंवा मागे जात आहे. दूर जाणे आणि जवळ येणे लांबून ओळखता येत नाही, म्हणून लगेच थांबून स्टिक उजवीकडे ढकलावी. तो आपल्या उजवीकडे गेला, तर पाठ आपल्याकडे आहे आणि डावीकडे गेला, तर नाक. वारा असल्यास हीच चाचणी उलट बाजूनेही करून पाहावी, कारण जीपीएस नसलेला हलका ड्रोन वाऱ्याबरोबरही वाहतो आणि ते सरकणे स्टिकचे आहे असे वाटते.

जीपीएस असलेल्या ड्रोनमध्ये घरी परतण्याचे बटण असते. ते वापरण्यात कमीपणा नाही, पण परतण्याची उंची आसपासच्या झाडांपेक्षा आणि इमारतींपेक्षा जास्त आहे का, हे उड्डाणापूर्वीच ॲपमध्ये पाहून ठेवावे. ज्या ड्रोनला हे बटण नाही आणि वाऱ्यापुढे ज्याचे काही चालत नाही, त्याला परत आणण्याच्या खटपटीत आणखी लांब घालवण्यापेक्षा, खाली माणसे, रस्ता किंवा पाणी नाही याची खात्री करून, तो जिथे आहे तिथेच हळूहळू खाली उतरवावा आणि चालत जाऊन उचलून आणावा.