लाकडी दार रंगवताना खालची कड आधी

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा लाकूड वाळून आकसतं. जूनच्या मध्यात पाऊस लागला की तेच लाकूड दमट हवेतला ओलावा घेऊन फुगतं आणि दार चौकटीत अडकतं. बहुतेक घरांत दाराच्या दोन्ही बाजू चकचकीत असतात, पण खालची आणि वरची कड कोरीच राहते. उभ्या लाकडाचे तंतू तिथे आडवे कापलेले असल्याने पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं. म्हणून दार बिजागऱ्यांवरून उतरवूनच रंगवा. उभ्या दाराच्या खालच्या कडेला ब्रश पोचत नाही.

काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत काढा, तोवर लाकूड सुकलेलं असतं. पावसाळ्यात अडकलेल्या दारावर लगेच रंधा मारू नका, उन्हाळ्यात फट पडेल. 7 बाय 3 फुटांच्या दाराला, चौकट धरून, अर्धा लिटर वूड प्रायमर आणि एक लिटर ऑइल पेंट लागतो.

सुटलेला रंग खरवडून 120 नंबरचा आणि मग 180 चा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा न घासता वॉटर पेपरने पाणी लावून घासा, तोंडाला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. पाणी लागलेलं लाकूड पूर्ण वाळू द्या.

प्रायमरमध्ये थोडं टर्पेंटाइन घालून आधी कडांना दोन हात द्या, मग बाकी दाराला एक. लांबी, म्हणजे लाकडातल्या भेगा-खड्डे बुजवायचा तेलाचा लगदा, त्यानंतरच भरा. कोरं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि ती तडकते. भिंतीची पुट्टी इथे अजिबात नको. ती सिमेंटची असते, लाकडाबरोबर हलत नाही, एका ऋतूत खपल्या निघतात. लांबी वाळली की घासा आणि तिच्यावर पुन्हा प्रायमर फिरवा.

ऑइल पेंटचे दोन पातळ हात, मध्ये 24 तास आणि 220 नंबरचा हलका पेपर. जाड हात दिला तर वरची साय वाळते, आतला रंग ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. भर उन्हात फोड येतात, ब्रशच्या रेघाही तशाच राहतात. सावलीत, वारा नसताना लावा. कडांना हेही दोन हात हवेतच, आणि कडीसाठी नवं भोक पाडलंत तर त्याच्या आतही प्रायमर सोडा.

दार निदान दोन दिवसांनी बसवा. कच्चा रंग चौकटीला चिकटतो आणि दार उघडताना पापुद्रा सोलून येतो.